विरी

“तुझी ज्वारी तू येऊन काढ.”

सकाळी साडेसहाला दादाचा फोन. कशी आहेस नाही, काय नाही. जरा थांबून पुढं म्हणाला, “आठ दिस झालं, माणूस मिळंना. दोन एकर वाळून हुबी हाय. पाखरांनी कणसं निम्मी केली. तूच म्हणली हुतीस न्हवं, पेर म्हणून?”

म्हटलं होतं खरं. 2024चा फेब्रुवारी संपत आला होता. मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी, आणि समोर ओट्यावर ज्वारीच्या कुकीजचा उघडा पुडा. ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता.

आदलं अख्खं वर्ष माझ्या डोक्यात ज्वारीच होती. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष. प्रस्ताव भारताचाच होता आणि त्याला 72 देशांचा पाठिंबा मिळाला होता. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई या साऱ्यांना मिळून ‘श्री अन्न’ हे नाव लागलं. त्याआधी 2018मध्येच ‘भरडधान्य’ हा शब्द सरकारी कागदावरून मागं सारून ‘पौष्टिक तृणधान्य’ आणला होता. माझ्या आजीला यातला एकही शब्द ओळखीचा वाटला नसता. तिच्यासाठी तो जुंधळा होता. पण मी मात्र भारावले होते. पुण्यातली प्रदर्शनं पालथी घातली, ज्वारीचा डोसा खाल्ला, नाचणीचा केक खाल्ला, व्याख्यानं ऐकली आणि घरी येऊन ती दादाला फोनवर पुन्हा ऐकवली.

आमची शेती बार्शी तालुक्यात. काळी, बऱ्यापैकी खोल जमीन. गेली पंधरा वर्षं दादा पावसाळ्यात सोयाबीन घेतो आणि ओल राहिली तर मागून हरभरा. 2023चा ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन करपलं. पुढं राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बार्शीही होता. सप्टेंबरच्या शेवटी थोडा पाऊस झाला तेव्हा मी संधी साधली. पाणी लागत नाही, फवारण्या लागत नाहीत, हवामान बदलाला तोंड देणारं पीक आहे, भाव चढे आहेत, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. दादा म्हणाला, “बरं.”

दादाचा ‘बरं’ नीट ऐकायला हवा होता.

माझं म्हणणं चुकीचं होतं असं मात्र नाही. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, आकाशाकडं बघत वाढतच नाही. ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगते. पेरणी हस्ताच्या मागंपुढं, त्यानंतर पाऊस आला तर आला. मुळं चार-पाच फूट खाली जातात. पानांवर मेणासारखा पांढुरका थर असतो, ऊन फार झालं की पानं स्वतःला गुंडाळून घेतात. ताण पडला तर झाड वाढ थांबवून गप्प बसतं आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागतं. मका असं थांबून बसू शकत नाही. पिकांमधला उंट म्हणतात ज्वारीला, ते उगीच नाही.

पण या उंटालाही राखणारा लागतो. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून शाळवाला तीन कोळपण्या, म्हणजे कोळपं फिरवून वरची माती सैल करणं, सांगितल्या आहेत: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, आणि शेवटची दातेरी कोळप्यानं, भेगा बुजवण्यासाठी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणतात. आमच्या दारातली बैलं 2012-13च्या दुष्काळात गेली. त्या वर्षी ती आधी चारा छावणीत होती, मग बाजारात. तेव्हापासून कोळपणीला बैल भाड्यानं आणायचे, तेही ज्याच्याकडं उरलेत त्याची सवड बघून. ‘पाणी लागत नाही’ असं मी म्हणत होते, त्या पाण्याच्या जागी काय लागतं हे माझ्या व्याख्यानात कुठंच नव्हतं.

शनिवारी मी गावी पोचले. रस्त्यापासून आमच्या शेतापर्यंत ज्वारीचं एकही दुसरं रान दिसलं नाही. हरभरा, ऊस, द्राक्षाचा एक मांडव, आणि मध्येच आमची दोन एकर मालदांडी, डोक्याएवढी उंच, वाळून सोनेरी झालेली. मालदांडी हे आमच्याच भागातलं वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेलं. तिच्यानंतर कितीतरी सुधारित वाणं आली, पण भाकरीच्या गोडीसाठी बाजारात अजून तिचंच नाव घेऊन ज्वारी विकतात.

पाखरांचं कोडं तिथं उभं राहिल्यावर सुटलं. लहानपणी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हाही पाखरं होती, पण त्यांचं खाणं शे-दीडशे एकरांत वाटलं जायचं. आम्ही पोरं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, हाकारे घालायचो, आणि निम्मा वेळ हुरडा खाण्यात जायचा. आता पंचक्रोशीतली सगळी पाखरं आमच्या दोन एकरांवर उतरली होती. एकट्यानं ज्वारी पेरणं म्हणजे गावजेवण घालण्यासारखं आहे. गावानं मिळून पेरली तर प्रत्येकाच्या वाट्याला चार दाण्यांचं नुकसान येतं. हे पीक एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही यामागं हेही एक कारण आहे, आणि ते कुठल्या पत्रकात मला वाचायला मिळालं नव्हतं.

शेवटी शेजारच्या गावातून आठ बायका आल्या. काढणी, बांधणी आणि कणसं मोडणं धरून एकरी 7,000 रुपये उक्तं. दादानं घासाघीस केली नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या तर पुढं कोणीच नव्हतं.

आमच्याकडं शाळू कापत नाहीत, उपटतात. कापला तर धसकटं राहतात, ती पायात घुसतात आणि पुढं वेचत बसावी लागतात. शिवाय मुळासकट उपटला की कडब्याची, म्हणजे चाऱ्याच्या वाळल्या ताटांची, लांबी वाढते. दोन्ही हातांनी ताट धरायचं, कमरेतून ओढायचं, मूळ पायावर आपटून माती झाडायची, आडवं टाकायचं. दोन एकरांत अशी हजारो ताटं. मागून पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा. पूर्वी लोक सावड करायचे. आज माझी, उद्या तुझी, पैशाचा व्यवहारच नसायचा. आता सावड करायला दोन्हीकडं ज्वारी कुठं आहे?

मी अर्धा तास उपटली. अर्ध्या तासात उजव्या तळव्यावर दोन फोड आले. पलीकडच्या ओळीतल्या मावशी हसून म्हणाल्या, “बाई, तुमी सावलीत बसा. फोटू काढा.”

बसले. फोटोही काढले, खोटं कशाला सांगू.

दुपारी बारा-साडेबाराला सगळ्या बाभळीखाली जेवायला बसल्या. वहिनीनं मला बांधून दिलेल्या फडक्यात दोन ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मला वाटलं सगळ्यांच्या डब्यांत हेच असणार. आठ डबे उघडले. आठही डब्यांत चपात्या. गव्हाच्या, रेशनच्या गव्हाच्या.

“भाकरी नाही आणली?” मी विचारलं.

त्यातल्या वयस्कर बाई म्हणाल्या, “जुंधळा साठ रुपयं किलो झालाय. गहू फुकाट मिळतोय. आन् सकाळच्या पाराला कोन थापत बसतंय? पोरगी चपात्या लाटून टाकती.”

त्यांना मी माझी एक भाकरी दिली. त्यांनी तिचे चार तुकडे करून वाटले. आमच्या रानातली ज्वारी उपटणाऱ्या बायका माझ्याकडून चतकोर भाकरी घेऊन खात होत्या, ही गोष्ट त्या वेळी मला नीट समजली नाही. परतीच्या एसटीत समजली, आणि मग पुण्यापर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

आजीच्या काळात हे उलट होतं. चपाती सणाला किंवा पाहुण्याला. भाकरी म्हणजे रोजचं, गरिबाचं. रेशनवर गहू-तांदूळ यायला लागले आणि चपाती हळूहळू खाली उतरत घरोघर पोचली. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर 1 रुपया किलो लिहिलेला आहे, तांदूळ 3 आणि गहू 2. आता तर तेही मोफत झालं. पण आमच्या त्या बायकांच्या पिशवीत येत होता तो गहू आणि तांदूळच. आणि ज्वारी? ती चढत चढत पुण्यातल्या मधुमेहींपर्यंत पोचली. माझ्यासकट.

एकेकाळी देशात ज्वारीखाली सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन होती, हे 1960च्या आसपासचं. आता ती 40 लाखांच्या आगेमागे आहे. महाराष्ट्र अजूनही पहिला, पण तो मान कमी होत चाललेल्या पिकातला. मराठवाड्यातली पावसाळी ज्वारी सोयाबीननं खाल्ली. हायब्रीड ज्वारीनं उत्पन्न वाढवलं होतं, पण काढणीच्या वेळी परतीचा पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, आणि काळ्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही. सोयाबीनला मळणीयंत्र लावलं की दुपारपर्यंत रान मोकळं, संध्याकाळी आडत्याकडं पावती. त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं? हमीभाव म्हणाल तर 2023-24ला मालदांडीला क्विंटलमागं 3,225 रुपये होता. भाव नसल्यामुळं ज्वारी गेली, असं आमच्या भागात म्हणता येणार नाही.

मग यंत्र का नाही? हे मी दादाला विचारलं, मोठ्या उत्साहानं. तो म्हणाला, “हाय की. पण त्याला बुटकी ज्वारी लागती. आन् यंत्रातनं निघाल्यावर कडब्याचा चुरा. कडबाच गेला तर मग ज्वारी कशाला पेरू?”

इथं मला पहिल्यांदा माझी चूक दिसली. पुण्यातल्या एकाही प्रदर्शनात मी ‘कडबा’ हा शब्द ऐकला नव्हता. तिथं ज्वारी म्हणजे दाणा, आणि दाण्यातलं लोह, तंतू, कॅल्शियम. आमच्या आजोबांसाठी ज्वारी म्हणजे निम्मा दाणा आणि निम्मा कडबा. दाणा पेवात, कडबा गंजीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, आतून लिंपलेला, वर तोंड बंद. त्यातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. एक पाऊस चुकला तरी माणसाला पेव आणि जनावराला गंजी होती. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन ती रक्कम भरली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या मते त्या ज्वारीचा खरा दाखला दामाजीपंतांचाच. हवामानाला तोंड देणं म्हणतात ते या दोन साठ्यांत होतं. नुसत्या बियाण्यात ते शोधलं तर अर्धंच सापडेल.

1972मध्ये हे दोन्ही साठे संपले. आई सांगायची, तेव्हा अमेरिकेतून लाल मिलो आला. मिलो म्हणजेही ज्वारीच. ज्वारीच्या मुलखानं परदेशी ज्वारी खाऊन तो दुष्काळ काढला. “थापाया गेलं की चिरायची,” एवढंच तिचं त्यावर मत.

आईचं माहेर लातूरकडचं. तिकडं मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या असते. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, अख्खं गाव शिवारात. 2016च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्या जिल्ह्यात ऊस उभा होता. अलीकडं वेळा अमावास्येला मामेभावानं व्हिडिओ पाठवला. कोप उसाच्या पाचटाची होती.

सगळं ज्वारीवर सोडलं की निभेल, असंही नाही. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. काढणीला आलेला शाळू आडवा झाला, दाणा काळा पडला, कडबा सडला. ताण फार पडला तर खडखड्या रोग येतो, ताट आतून पोकळ होऊन मोडतं. उशिरा पेरली तर ओल कमी मिळते. ज्वारी सोसते पुष्कळ, पण ती जादू नाही, आणि जादू म्हणून विकली की पहिल्याच वाईट वर्षी शेतकऱ्याचा विश्वास उडतो.

काही ठिकाणी हे काम दुसऱ्या टोकाकडून सुरू झालं आहे. ओडिशानं 2017मध्ये आदिवासी भागात तृणधान्यांची मोहीम सुरू केली, पुढं नाचणी हमीभावानं विकत घेतली, ती रेशनवर आणि अंगणवाडीच्या लाडवात परत दिली. तेलंगणात जहीराबादकडच्या दलित बायकांच्या संघांनी तर त्याच्याही कितीतरी आधी स्वतःचं धान्य गोळा करून स्वतःची रेशनव्यवस्था चालवली. दोन्हीकडं पिकवणारीच्या ताटात आधी गेलं. आपल्याकडं 2023च्या राज्य अर्थसंकल्पात सोलापूरला श्री अन्न उत्कृष्टता केंद्राची घोषणा झाली. मी दादाला ती बातमी पाठवली होती. त्याचं उत्तर: “काढणीला येत्यात का तेवढं इचार.”

हिशेब सांगते, कारण तो मी स्वतः लिहून काढला. दोन एकरांत 9 क्विंटल ज्वारी. पाखरांचा वाटा वेगळा. 7 क्विंटल बार्शीला 3,600नं गेली, म्हणजे 25,200. कडबा 900 पेंढ्या, त्यातल्या 500 शेकडा 2,000नं विकल्या, 10,000. एकूण 35,200. खर्च: काढणी-मोडणी 14,000, पेरणी आणि कोळपण्या 6,000, मळणी 2,500. उरले 12,700. पाच महिन्यांचे, दोघांच्या कष्टाचा एक रुपयाही न धरता. एक क्विंटल घरी ठेवली आणि एक क्विंटल मला. वर 400 पेंढ्या म्हशीला.

मी माझ्या पोत्याचे पैसे द्यायला गेले तर वहिनी रागावली.

ते पोतं पुण्यात आलं. पाच किलो दळून आणलं आणि रविवारी काठवट काढली. म्हणजे परात. काठवट माझ्याकडं नाही. पहिल्या चार भाकऱ्या मोडल्या, पाचवी तव्यावर टाकताना हातातच दुमडली. मला वाटलं ज्वारीतच काही दोष. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रकार, उलट जास्तच. वहिनीला फोन केला.

“पीठ कवाचं?”

“पंधरा दिवसांपूर्वीचं असेल.”

“विरी गेली असंल. थोडंच दळून आणायचं ओ. आन् आधणाचं पाणी घ्या. दोन्ही तळव्यानं मळा, घाई न्हाई करायची.”

विरी. हा शब्द मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. गव्हाला चिकटपणा उपजत असतो, ज्वारीला नसतो. ताज्या पिठाला जी धरून ठेवण्याची ताकद असते ती विरी, आणि पीठ शिळं झालं की ती जाते. मग कितीही थापा, कड चिरतेच. म्हणूनच ज्वारीचं पीठ पाकिटात भरून लांब पाठवणं अवघड, आणि म्हणूनच तिच्या कुकीज होतात. कुकीला विरी लागत नाही. लोणी-साखर धरून ठेवते. भाकरीला मात्र पाच-सहा दिवसांचं पीठ, जवळची गिरणी आणि रोज वीस मिनिटं कुणाचे तरी तळवे लागतात. ते तळवे घरोघर बाईचेच होते. ज्या मुलींनी ते चटके आईच्या हातावर पाहिले त्यांनी चपाती निवडली तर मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू की परंपरा जपा? मी स्वतः पंचवीस वर्षं पोळीवाल्या बाईंकडून पोळ्या करून घेते.

नवऱ्याला आणि मुलाला दोघांनाही थापायला शिकवलं. नवऱ्याची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, कोकण किनारपट्टीसकट. मुलाची माझ्यापेक्षा बरी.

2024च्या रब्बीत दादानं हरभरा पेरला. मी काही बोलले नाही. माझी आता हिंमत नव्हती. मग 2025चा सप्टेंबर आला. सीना नदीला पूर आला, आमचा ओढा रानात शिरला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून शेंगेतच मोड आले. खालच्या वावराची माती खरवडून गेली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चिखलात पाय घालता येत नव्हता. त्यानंतर एक दिवस दादाचा फोन.

“दीड एकर ज्वारी टाकली. वरच्या वावरात.”

मला काय बोलावं कळेना. तरी विचारलं, “काढणीचं?”

“बांधाशेजारच्या तिघांनी पन टाकलीया. सावड करू म्हणत्यात. बघू.” मग नेहमीसारखा जरा थांबला. “आन् तुझ्यासाठी न्हाई टाकली, उगं पुन्यात सांगत फिरू नगंस. म्हशीला कडबा न्हाई.”